फळ्यावरचा कागद
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला पत्र दिलं तेव्हा त्यात विषय लिहिला नव्हता. "तुम्हाला जे वाटेल ते बोला," असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. आम्ही विचार करीत होतो की धम्मचक्र प्रवर्तनावर बोलावं की आरक्षणावर बोलावं. तेवढ्यात एका संध्याकाळी आपल्याच वस्तीतल्या एक ताई घरी आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. हातात घडी घातलेला कागद होता. म्हणाल्या, "दादा, हे वाचा जरा. पोरीला कॉलेजातनं आलंय. मला तर झोप नाही."

कागद म्हणजे नोटीस होती. मुलगी एका सरकारी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ६ डिसेंबरच्या आदल्या दिवशी तिने एका पांढऱ्या कागदावर स्केचपेनने बाबासाहेबांना अभिवादन लिहिलं आणि त्याच्याच खाली लिहिलं की, आमच्या शिष्यवृत्तीचे पैसे अजून का आले नाहीत? तो कागद तिने कँटीनजवळच्या फळ्यावर टाचणीने लावला. पूर्वपरवानगी न घेता भित्तिपत्रक लावून संस्थेची प्रतिमा मलीन केली, म्हणून पालकांना घेऊन सात दिवसांत हजर व्हा, असा नोटिशीचा मजकूर होता.

ताई म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, शिकायला गेलीस ना? मग गप शीक की! डिग्री हातात येऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

बंधू-भगिनींनो, त्या माउलीला आम्ही तिथं काही उत्तर देऊ शकलो नाही. आपल्यापैकी किती जणांनी आपापल्या घरी हेच वाक्य उच्चारलं असेल! आम्हीही उच्चारलं आहे. म्हणून आज ठरवलं की विद्यापीठाच्या आवारात बोलण्याचा, लिहिण्याचा, कागद लावण्याचा हक्क कुठवर असतो आणि तो कसा मिळतो, यावरच बोलायचं. त्यासाठी आम्ही तुम्हाला जरा लांब, थेट अमेरिकेत घेऊन जाणार आहोत. कारण हा प्रश्न तिथल्या एका सरकारी विद्यापीठात १९६४ साली असाच एका साध्या कागदावरून पेटला होता.

कॅलिफोर्निया राज्याचं विद्यापीठ बर्कले या गावी आहे. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पलीकडच्या काठावर. विद्यापीठाच्या दक्षिणेच्या फाटकासमोर विटांची फरसबंदी केलेला एक पट्टा होता. रुंदी किती? अवघी २६ फूट. आपल्या विहाराच्या अंगणाएवढी म्हणा ना. त्या पट्ट्यावर विद्यार्थी घडीची टेबलं मांडून बसत, पत्रकं वाटत, डबा ठेवून वर्गणी गोळा करीत. विद्यापीठाच्या आत राजकीय प्रचाराला बंदी होती, पण हा पट्टा नगरपालिकेचा आहे असंच सगळे धरून चालले होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा तर विद्यापीठाच्याच मालकीचा! १४ सप्टेंबर १९६४ रोजी डीन कॅथरीन टाउल यांच्या सहीचं पत्र निघालं. २१ तारखेपासून टेबलं बंद, वर्गणी बंद, बाहेरच्या चळवळीसाठी माणसं जमवणं बंद.

आता बघा, वरवर पाहता हा किती साधा नियम आहे! जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवा, एवढंच. कुणाच्या जातीचं नाव नाही, वर्णाचं नाव नाही. पण त्या टेबलांवर बसत कोण होतं? सगळ्या पक्षांची मुलं बसत होती हे खरं. रिपब्लिकन पक्षाच्या गोल्डवॉटरसाठी प्रचार करणारी मुलंसुद्धा बसत, आणि नियमाविरुद्ध सुरुवातीला तीही इतरांबरोबर उभी राहिली. पण सर्वांत जास्त वर्दळ होती ती नागरी हक्क चळवळीच्या टेबलांवर. त्याच उन्हाळ्यात देशभरातले शेकडो विद्यार्थी दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात गेले होते. तिथं कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालू देत नव्हते. नाव घालायला गेलं तर कामावरून काढत, घर जाळत. जूनमध्ये तिथं तीन कार्यकर्त्यांचे खून झाले होते. त्यांत एक कृष्णवर्णीय आणि दोन गोरे. ते सगळं डोळ्यांनी पाहून आलेली मुलं सप्टेंबरात परत वर्गात बसली आणि त्यांच्या हातात हे पत्र पडलं. त्याच वर्षी वसंतात सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना नोकऱ्या द्या म्हणून ठिय्या झाला होता, त्यातही हीच मुलं होती. नियमाच्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं, तरी तो कुणाच्या तोंडावर हात ठेवतो आहे ते त्यांना बरोबर कळलं.

आरडाओरडा झाल्यावर विद्यापीठाने थोडी सूट दिली. ती ऐकून हसू येईल. म्हणे टेबलं मांडा, माहिती द्या, पण कशाचाही पुरस्कार करू नका! म्हणजे मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना मत देता येत नाही हे सांगायला परवानगी, पण "चला, त्यांना मदत करू या" म्हटलं की गुन्हा. आपल्याकडे नाही का, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला कुणी अडवत नाही, पण हार घालून झाल्यावर वसतिगृहाच्या पाण्याबद्दल विचारलं की लगेच शिस्त आठवते!

१ ऑक्टोबरला दुपारी स्प्राउल हॉल नावाच्या मुख्य कचेरीसमोर जॅक वाइनबर्ग नावाचा एक माजी विद्यार्थी टेबल टाकून बसला होता. टेबल वांशिक समतेसाठी काम करणाऱ्या 'कोर' या संघटनेचं. पोलिसांनी त्याला उचललं आणि आवारातच गाडीत बसवलं. तेवढ्यात कुणीतरी गाडीपुढं खाली बसलं. मग दुसरा बसला. पाहता पाहता शेकडो विद्यार्थ्यांनी गाडीला वेढा घातला. गाडी हलेना. ना पुढं, ना मागं! आत वाइनबर्ग, आणि टपावर एकामागून एक वक्ते. हे किती वेळ चाललं असेल? ३२ तास! टपावर पहिल्यांदा चढलेला मुलगा म्हणजे मारिओ सॅव्हिओ. गाडी खराब होऊ नये म्हणून त्याने आधी बूट काढले आणि मग वर चढला. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. लढणाऱ्या माणसाची रीत अशी असते. पुढचे कित्येक वक्तेही बूट काढूनच चढले.

हा सॅव्हिओ कामगाराचा मुलगा, इटलीहून आलेल्या घराण्यातला. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या मॅकोम गावी कृष्णवर्णीय मुलांना शिकवून आला होता. आणि मंडळी, हा मुलगा लहानपणापासून तोतरा होता. बोलताना अडखळायचा. बोलण्याच्या हक्काचा सगळ्यात मोठा वक्ता तोच ठरावा, याला काय म्हणावं!

विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्याशी तात्पुरता समझोता होऊन गाडी सुटली, पण प्रश्न सुटला नाही. नोव्हेंबरात नियामक मंडळाने ठरवलं की कायदेशीर राजकीय काम चालेल, मात्र आवारात बसून बाहेरच्या बेकायदा कृतीची तयारी केली तर शिक्षा. बाहेरची बेकायदा कृती म्हणजे काय? तर काळ्या माणसाला ज्या हॉटेलात काम मिळत नाही तिथं जाऊन ठिय्या मारणं! चवदार तळ्यावर जायचं पत्रक छापू नका, असं म्हणण्यासारखंच हे झालं. त्यातच जुन्या प्रकरणावरून सॅव्हिओ आणि इतर काही जणांवर नव्याने कारवाई सुरू झाली. २ डिसेंबरला हजाराच्या वर विद्यार्थी स्प्राउल हॉलमध्ये शिरून बसले. जोन बाएझ ही गायिका त्यांच्याबरोबर गात होती. आत त्यांनी वर्ग भरवले, अभ्यास केला. रात्री तीनच्या सुमारास राज्यपालांच्या हुकमावरून पोलीस आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेकाला उचलून, फरफटत बाहेर काढलं. सुमारे ८०० जणांना अटक झाली. त्या राज्यात तोवर एका वेळी एवढी अटक कधी झाली नव्हती.

आणि मग प्राध्यापक जागे झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या समाजातही आता प्राध्यापक पुष्कळ आहेत, आज इथंही बसले आहेत. ८ डिसेंबर १९६४ रोजी बर्कलेच्या प्राध्यापकांच्या सभेत ठराव आला. ८२४ मतं बाजूने, ११५ विरुद्ध. ठरावाचा अर्थ असा की, विद्यापीठाने विद्यार्थी काय बोलतो यावर बंधन घालू नये. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम करावेत, तेही विद्यापीठाचं काम सुरळीत चालावं एवढ्यापुरतेच. जानेवारीत नव्या प्रमुखांनी स्प्राउल हॉलच्या पायऱ्या ठराविक वेळी सभेसाठी मोकळ्या केल्या आणि टेबलं परत आली.

वेळ, जागा, पद्धत. हे तीन शब्द माता-भगिनींनी घरी जाऊन मुलांना सांगावेत, म्हणून थोडं फोडून सांगतो. परीक्षेच्या वेळी वर्गाबाहेर लाउडस्पीकर लावू नका, हा झाला वेळेचा नियम. जिन्यात टेबल मांडू नका, हा जागेचा. भिंतीला डिंक फासू नका, टाचणी लावा, हा पद्धतीचा. हे नियम सगळ्यांना सारखे असतील तर ते पाळलेच पाहिजेत. पण 'शिष्यवृत्तीबद्दल लिहू नका' हा यातला कुठला? कुठलाच नाही. तो मजकुराचा नियम आहे. आणि मजकुराचा नियम बहुतेक वेळा जागेच्या नियमाचे कपडे घालून येतो.

लढणाऱ्यांना याची किंमत पडली, हेही लपवायला नको. सॅव्हिओला १२० दिवसांची कैद झाली. रोनाल्ड रेगन १९६६ ची निवडणूक बर्कलेतली बेशिस्त मोडून काढतो असं सांगत जिंकले आणि जानेवारी १९६७ मध्ये केर यांचीही खुर्ची गेली. सॅव्हिओ १९९६ साली वारला. त्यानंतर, १९९७ साली, त्याच विद्यापीठाने त्याच पायऱ्यांना त्याचं नाव दिलं. जिवंतपणी नोटीस, मेल्यावर पाटी! ही रीत काही आपल्याकडचीच नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो. बर्कलेला लागूनच ओकलंड शहर आहे. तिथं १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. सुरुवातीला पैसे उभे करायला हे दोघे लहान लाल पुस्तकं कुठं विकत होते? बर्कलेच्या आवारात! आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी जे नाव घेतलं ते या पँथरांचं. २६ फुटांच्या पट्ट्याशी आपलं नातं आहे ते असं.

१९७२ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. कनेटिकट राज्यातल्या एका सरकारी कॉलेजच्या मुलांनी संघटना काढली. अध्यक्षांना तिचे विचार पटत नव्हते, म्हणून त्यांनी मान्यता नाकारली. मान्यता नाही म्हणजे फळा नाही, सभेला खोली नाही. मुलं कॉलेजच्या कॉफीच्या दुकानात चर्चेला बसली तर डीन येऊन त्यांना उठवून गेले. न्यायालयाने सांगितलं की विचार आवडत नाहीत एवढ्यावरून सरकारी कॉलेजला मान्यता नाकारता येणार नाही. मात्र संघटना आवारातले वाजवी नियम पाळायला तयार नसेल, तर गोष्ट वेगळी.

हे ऐकल्यावर आपल्याला मद्रासची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मद्रासच्या आयआयटीत १४ एप्रिल २०१४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, मुलांनी आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळ सुरू केलं. एका निनावी पत्रात तक्रार झाली, ती केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने संस्थेकडे पाठवली आणि मे २०१५ मध्ये मंडळाची मान्यता काढली गेली. आमची बाजू ऐकूनच घेतली नाही, असं मुलांचं म्हणणं होतं. देशभर निदर्शनं झाली. आपल्या वस्तीतल्या पोरांनीही तेव्हा मेणबत्त्या लावल्या होत्या, आठवतं ना? ७ जूनला मान्यता परत मिळाली. पण त्याच साली हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर विद्यार्थी संघटनेच्या पाच मुलांवर कारवाई झाली, त्यांना वसतिगृहाबाहेर काढलं. त्यातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याच्याविषयी आज जास्त बोलत नाही. बोलवत नाही.

आता एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला सभेपूर्वीच अडवून विचारलं, "हे सगळं ठीक आहे हो, पण उद्या कुणी आपल्याच महापुरुषांबद्दल वाईटसाईट बोललं, तर तेही चालवून घ्यायचं का?" प्रश्न खरा आहे. टाळून चालणार नाही. बर्कलेलाच २०१७ साली हा प्रश्न आला. द्वेष पसरवतो असा आरोप असलेल्या एका वक्त्याची सभा जाळपोळ झाल्यामुळे रद्द झाली आणि त्याच वर्षी दुसऱ्या एकाच्या सभेला बंदोबस्तासाठी विद्यापीठाचे सहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाले. २०२४ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी आवारात तंबू ठोकले, तेव्हा त्याच विद्यापीठाने तंबूंना बंदी केली. तंबू ही पद्धत झाली की मजकूर, यावर तिथं अजून भांडण आहे.

आमचं मत विचाराल तर सांगतो. टीका, मग ती कितीही कडू असो, तिला उत्तर द्यावं, फळा पुसायला जाऊ नये. कारण फळा पुसायची पद्धत एकदा रूढ झाली की पहिला पुसला जाणारा कागद आपला असतो. पण जातीवरून हिणवणं ही टीका नव्हे. लोकांदेखत जाणूनबुजून केलेल्या अशा अपमानासाठी आपल्याकडे १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. अमेरिकेत तसा कायदा नाही, आणि यात आपला देश त्यांच्यापेक्षा शहाणा आहे असं आम्हाला वाटतं. कुणाला पटणार नाही. न पटू द्या.

बाबासाहेबांनी हा पेच फार आधी ओळखला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना ते या आक्षेपाला उत्तर देत होते की, तुम्ही मूलभूत हक्क दिलेत आणि अपवाद घालून काढून घेतलेत. त्यांनी अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाचा गिट्लो खटल्याचा दाखला दिला आणि दाखवून दिलं की तिथंही हा हक्क निरंकुश नाही. फरक एवढाच की आपल्या घटनेत मर्यादा लिहून ठेवल्या आहेत. कलम १९ मध्ये भाषणाचा हक्क आहे आणि त्याच्याच पोटकलमात मर्यादांची यादी आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. बंधन 'वाजवी' असलं पाहिजे हा शब्द त्यात १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आला, तेव्हा बाबासाहेबच कायदेमंत्री होते. ती यादी आम्ही त्या रात्री ताईंसमोर काढून वाचली. तीत 'संस्थेची प्रतिमा' कुठंही नाही!

अर्थात कॉलेजला शिस्तीचे नियम करता येतात. आणि हे कलम मुख्यतः सरकारी संस्थेला बांधतं. पूर्ण खाजगी कॉलेजात गोष्ट अवघड होते, तिथं आधी नियमपुस्तिका पाहावी. हाताने लिहिलेल्या कागदाबद्दल म्हणाल, तर विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने, जिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या, छापील पोस्टर बंद करून हातानं केलेलंच चालेल, तेही नेमून दिलेल्या जागी, असं म्हटलं आहे. ते निवडणुकीपुरतं आहे. पण गरिबाच्या पोराला परवडतं ते स्केचपेन, हे त्या समितीला कळलं होतं.

तर पुढं काय झालं? आम्ही मुलीला बोलावलं. तिला विचारलं, "बेटा, त्या फळ्यावर आणखी काय काय होतं?" ती म्हणाली, "काका, दोन क्लासच्या जाहिराती होत्या, एक गरब्याची होती. स्कूटी विकणे आहे, तेपण होतं." "त्यांनी परवानगी घेतली होती?" "शिक्का तर कुणाच्याच कागदावर नव्हता." आम्ही म्हटलं, हे सगळं लिहून काढ. मग तिने अर्ज लिहिला. भाषा नम्र. तीन गोष्टी मागितल्या: परवानगीचा नियम कुठल्या परिपत्रकात आहे त्याची प्रत, परवानगी देणारे अधिकारी कोण त्यांचं पद, आणि इतर कागदांना परवानगी होती काय याची माहिती. शेवटी लिहिलं की जागा आणि वेळ सांगावी, मी पाळीन. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, एवढं बजावून सांगितलं.

सातव्या दिवशी ताई कामावरून अर्धा दिवस सुटी घेऊन मुलीबरोबर गेल्या. आम्हीही सोबत होतो, पण बाहेरच बाकावर बसलो. आत पंचवीस मिनिटं लागली. बाहेर आल्या तेव्हा ताईंचा चेहरा बघून आम्हाला काही अंदाज येईना. म्हणाल्या, "साहेब चांगलं बोलले. म्हणाले पुन्हा असं करू नको. मग ही म्हणाली, सर, नियम दाखवा, तसंच करते. ते म्हणाले, शोधून सांगतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दादा, मी आत काहीच बोलले नाही. पण गप बस असंपण म्हटलं नाही तिला."

नियमाची प्रत अजून मिळालेली नाही. माहितीच्या अधिकाराखाली दुसरा अर्ज गेला आहे. नोटीस मागे घेतल्याचंही लेखी आलेलं नाही, त्यामुळे ताईंची काळजी पूर्ण गेलेली नाही आणि ती गेली आहे असं आम्ही इथं सांगणार नाही. शिष्यवृत्तीचा एक हप्ता मात्र जमा झाला. त्या कागदामुळे झाला की आपोआप झाला, कोण सांगणार!

दोन्ही अर्जांचे नमुने मुलीने स्वच्छ अक्षरात लिहून दिले आहेत. ते विहाराच्या वाचनालयात, संविधानाच्या पुस्तकाशेजारी फाइलमध्ये ठेवले आहेत. वाचनालय संध्याकाळी उघडं असतं. कुणालाही नक्कल करून घेता येईल.